नवरीच्या खोप्याचं गाव

करंजाड्याच्या चंद्रावतीचा कशावर म्हणून चटकन विश्वास बसत नसे. दारावर आलेली मासळीवाली "ताजा हाय गो, आताच उतरवलाय" असं छातीवर हात ठेवून म्हणाली, तरी ही पापलेटाचा कल्ला उचलून आत बघणार, मग वास घेणार, मग पुन्हा बघणार. आणि एवढं करून घेतलाच, तर चिरताना पुटपुटणार, "कालचाच असंल." दुधाच्या पिशवीवरची तारीख तिला वाचता येत नसे. ती नातवाकडून वाचून घेई, आणि नातवाने बरोबर वाचली का ते सुनेला विचारी. मग दोघांनी मिळून फसवलं नाही ना, म्हणून दूध उकळून बघी.

घरच्यांना याचा वैताग यायचा. पण गावात तिला जो मान होता तो या स्वभावामुळेच होता. चंद्रावती धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात भटजीला उशीर झाला तर चालतं, बँडवाला आला नाही तरी चालवून घेतात, पण धवलारणीशिवाय लग्नाला लग्न म्हणत नाहीत. ती मांडवात बसून धवळे गाते, देवांना आवतण देते, गेलेल्या माणसांना बोलावते, आणि मग नवरा-नवरीला पुढे पाठवते. चंद्रावतीला हे सगळं तिच्या सासूने शिकवलं, आणि शिकवताना एक रीत घालून दिली. नवरीच्या अंगावर जे जे चढेल, त्याचं गाव आणि त्याचं माणूस गाण्यात घ्यायचं. हळद कुठल्या गावची, कोणी कुटली. बांगड्या कुठल्या, कोणी भरल्या. फुलं कोणाच्या परड्यातली. नाव घेतल्याशिवाय वस्तू अंगावर ठेवायची नाही, आणि खोटं नाव तर घ्यायचंच नाही. खोटं घेतलं तर धवळा खोटा. इतर धवलारणी एवढं करायच्या की नाही कोणास ठाऊक, पण चंद्रावती करायची. त्यासाठी लग्नाआधी ती घरोघर फिरून पोलिसासारखी चौकशी करी.

तिची स्वतःची नात दिपिका लग्नाला उभी राहिली तेव्हा तर विचारायलाच नको. मुलगा कल्पेश, उरणकडच्या गावातला, न्हावा शेव्याला कंटेनरच्या कामात. माणसं बरी दिसत होती. बरी दिसत होती याचाच चंद्रावतीला घोर लागला होता. पण सोन्याची, साडीची, हळदीची सगळी चौकशी करून झाली आणि तिला कुठे बोट ठेवायला जागा मिळाली नाही.

लग्न अगदी तोंडावर आलं असताना दिपिका एका संध्याकाळी पार्लरमधून ट्रायल करून घरी आली. चंद्रावती जमिनीवर बसून बिरड्याचे वाल सोलत होती. तिने मान वर केली आणि हातातला दाणा हातातच राहिला. पोरीच्या कपाळावरचे सगळे केस मागे जायचे ते आधी वर गेले होते. वर जाऊन, फुगून, मग कुठे मागे वळले होते. दारातून येताना पोरगी वाकली होती, चौकट लागेल म्हणून.

"हे काय गो डोक्यावर?"

"पोंपाडोर, आजी. कसा दिसतो?"

"इकडं ये."

दिपिका खाली बसली. चंद्रावतीने एक बोट त्या फुग्यात हळूच खुपसलं. बोट आत गेलं आणि कशाला तरी अडलं.

"आत काय हाय?"

"काही नाही गं. जाळीचा गोळा असतो. केस उचलून धरायला."

"म्हणजे पोकळ."

"आजी!"

"पोकळ तर पोकळ. तुझा आजा जवानीत खोबरेल थापून पुढं असाच कोंबडा काढायचा. दिवसभर उन्हात राहिला की कोंबडा मान टाकायचा." तिने बोट बाहेर काढून पदराला पुसलं. "दिसतो चांगला. नाव काय बोललीस?"

"पोंपाडोर."

"कोणाचं नाव हे? माणसाचं का गावाचं?"

इतका वेळ घरात बोलणं चालू होतं ते एकदम थांबलं. दिपिका मोबाईल बघायला लागली. तिचा भाऊ भावेश पाणी पीत होता, त्याला ठसका लागला. आणि ओट्याजवळ उभी असलेली सून शशिकला, तिने मिक्सर चालू केला. चांगला घरघर घरघर चालवला. नंतर चंद्रावतीने मुद्दाम उठून झाकण उघडून बघितलं. भांडं कोरडं होतं.

त्या कोरड्या भांड्याने तिची झोप घालवली.

दुसऱ्या दिवशी दुपारची जेवणं झाली तशी ती चपला घालून पार्लरमध्ये गेली. पार्लर शेजारच्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावर होतं. चालवणारी रंजिता, बाहेरून इथे राहायला आलेली, गोड बोलणारी बाई. चंद्रावती खुर्चीत बसली. ती खुर्ची गोल फिरते हे कळल्यावर उठून स्टुलावर बसली.

"रंजिता, ते पोंपाडोर कोणाचं नाव गो?"

"आजी, ते फ्रेंच आहे. फ्रान्समध्ये एक लेडी होती. तिच्या नावावरून."

"कोणाची?"

"म्हणजे?"

"कोणाची लेक, कोणाची बायको, कोणाची सून? मला गाण्यात घ्यायचं हाय. कोणाची तरी असंलच ना."

रंजिताने कंगवा उचलला, खाली ठेवला, परत उचलला. "राजघराण्यातलीच होती म्हणा ना."

"म्हणा ना म्हणजे? होती का नव्हती?"

"आजी, एवढ्या आलात तर फेशियल करून देऊ का? तुमच्याकडून काही घेणार नाही मी."

आता मात्र चंद्रावती सावध झाली. फुकट फेशियल द्यायला निघालेली बाई काहीतरी झाकत असणार, यात तिला शंका उरली नाही. तिने दुसरीकडून धरलं.

"हा खोपा कोणाच्या डोक्यातून निघाला? तुझ्या का दिपिकाच्या?"

"मी नाही हो! फोटो मोनालीताईंनी पाठवला होता. नवरदेवाची बहीण. मी फक्त नाव सांगितलं." रंजिता सुटल्यासारखी बोलली आणि ड्रायर चालू केला. खुर्चीत कोणी नव्हतं.

चंद्रावती घरी परत आली ती मोनालीचं नाव तोंडात घोळवत. मोनाली म्हणजे काल-परवाची पोर. तिचं काही नाही. पण मोनालीची आजी दमयंती, ती कोन गावची माहेरवाशीण. आणि कोन हे चंद्रावतीचंही माहेर. दोघी एका वयाच्या. दमयंतीला सगळं ठाऊक होतं.

सगळं म्हणजे काय, ते सांगायला हवं. चंद्रावती पोरसवदा असताना बापाबरोबर खाडीकडच्या मिठागरात कामाला यायची. तिथे तुळशीराम होता, तो कोंबडा काढणारा. तुळशीरामचं लग्न झालेलं होतं. बायको माहेरी निघून गेली होती. तो आणायला गेला, ती आली नाही. पंच बसले, उठले, पुन्हा बसले, काही ठरलं नाही. सोडलीही नाही आणि नांदलीही नाही. अशात तुळशीरामने चंद्रावतीला घरी आणली. मांडव नव्हता, हळद नव्हती. दुसऱ्यांच्या लग्नात रात्ररात्र गाणारी सासू दारात आली, तांब्याभर पाणी हिच्या पायांवर ओतलं आणि म्हणाली, "ये." धवळा मात्र गायला नाही. गाता आला नसता.

गावाने तिला तुळशीरामची बायको म्हटलं नाही. तुळशीरामने ठेवलेली म्हटलं. तोंडावर बोलायचं झालं तर कोनवाली म्हटलं. कोनवाले, पाणी भरलंस काय. कोनवाले, पोर रडतोय तुझा. तिचं नाव चंद्रावती आहे हे तिच्या शेजारणीला मतदानाच्या दिवशी कळलं. सासू मात्र तिला प्रत्येक लग्नात बरोबर न्यायची, मागे बसवायची, सूर धरायला लावायची. पुढे सासूचा आवाज बसला तेव्हा एका लग्नात तिने हिलाच पुढे सारलं. दोन-चार बायांनी नाकं मुरडली. पण धवळे पुरते येणारी दुसरी कोणी गावात नव्हती, आणि नवरी पाटावर बसून घामाने भिजत होती. तेव्हापासून चंद्रावती गायला लागली. तुळशीरामची पहिली बायको तिच्या माहेरीच वारली, गावात बिल्डिंगी उठल्या, जुनी माणसं एकेक करून गेली, आणि लोक ते सगळं विसरले. निदान बोलायचं थांबले. चंद्रावतीचा लोकांच्या विसरण्यावरही विश्वास नव्हता.

तर आता भावेशला धरायला हवं होतं. भावेशला धरायचा एकच रस्ता होता, तो पोटातून जायचा. दुसऱ्या दिवशी तिने बोंबील कुरकुरीत तळले, ताट वाढलं, आणि ताट स्वतःच्या मांडीवर घेऊन बसली.

"आजी, दे ना."

"आधी सांग. पोंपाडोर कोण?"

"आजी, आई मारेल मला."

"तुझ्या आईच्या आधी मी हाय. थंड होतात बघ."

भावेशने बोंबलांकडे बघितलं, आजीकडे बघितलं. चांगला मिशा फुटलेला बाप्या, पण आवाज लहान पोरासारखा झाला. "फ्रान्सचा एक राजा होता. खूप जुना. त्याची ती बाई होती."

"राणी?"

"राणी वेगळी होती. राणी घरात होतीच. ही म्हणजे लग्नाची नव्हती."

"मग?"

"मग काय आजी... ठेवलेली."

चंद्रावतीने ताट त्याच्यापुढे सरकवलं. "जेव. तुझी काय चूक हाय यात." ती उठून खाली गेली.

नव्या बिल्डिंगीला ओटी नव्हती, म्हणून तुळशीराम पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघत बसे. तिने दुसरी खुर्ची ओढली.

"ऐकलं काय? दमयंतीने डाव केलाय."

"कोणी?"

"दमयंतीने! तिच्या नातीच्या हातून फोटो पाठवला. पोरीच्या डोक्यावर राजाच्या ठेवलेल्या बाईचा खोपा घालायचा, आणि मी मांडवात बसून त्याचं नाव माझ्या तोंडानं गायचं. तिच्या सगळ्या बाया समोर बसणार. हसतील एकमेकींकडं बघून."

तुळशीरामने बराच विचार केला. "राजाने ठेवलेली काय?"

"हां."

"मग तेवढं वायट नाय."

"तुमाला काय कळतं?"

"नाय, राजा म्हणजे... बघ ना, आमच्याकडं एक मिठागर होतं, तेपण दुसऱ्याचं."

ती खुर्ची जोरात मागे ढकलून उठली. वर जाऊन शशिकलेला म्हणाली, "लग्नात मी गाणार नाय. दुसरी बोलवा."

शशिकलेच्या हातातली पिशवी खाली पडली. "आई, असं काय बोलता? घरातलं लग्न! दुसरी कुठून आणू? मांडवात लोक काय म्हणतील, आजी घरात आणि धवळे बाहेरच्या बाईचे?"

"मग मोबाईलवर लावा. लावतात हल्ली."

"तुमच्या नातीला तुमचा आवाज हवा आहे. बाकी काही मागितलं नाही तिने."

हे खरं होतं आणि तेच टोचत होतं. दिपिका लहान असताना लग्नांमध्ये आजीच्या मांडीवर झोपायची, धवळ्याच्या सुरात. तिच्या लग्नात आपणच गायचं हे चंद्रावतीने इतक्या वर्षांत कोणाला बोलून दाखवलं नव्हतं, कारण बोललं की मोडतं असा तिला संशय होता. आता तेच मोडत होतं, आणि मोडत होती ती स्वतःच. नाव घेतलं तर आपलीच फजिती. गाळलं तर धवळा खोटा. नाहीच गायलं तर पोरीचं लग्न मुकं.

संध्याकाळी दिपिका ऑफिसातून आली ती पर्स खांद्यावर ठेवूनच आजीपुढे येऊन बसली.

"आजी, मोनालीताईंना नावसुद्धा माहीत नाही. त्यांना तो फोटो बरा वाटला म्हणून पाठवला. नाव रंजिताने सांगितलं. ट्रायलच्या आधीच मी मोबाईलवर शोधलं आणि मला कळलं. मग मीच आईला, भावेशला, रंजिताला सगळ्यांना सांगितलं, आजीपुढे बोलू नका."

"का?"

"तुला लागेल म्हणून."

चंद्रावती हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे ठेवलेली म्हटलं की तुमा सगळ्यांना मीच आठवली."

दिपिकाला हे सुचलं नव्हतं. तिचा चेहरा उतरला, डोळे भरले. "तसं नाही गं. मी साधा अंबाडा घालते. गजरा लावला की झालं. तू गा फक्त."

"थांब. एवढ्यात हो म्हणतेस म्हणजे अजून काहीतरी हाय. काढ तो मोबाईल. पहिल्यापासून वाच. गाळलंस तर मला कळंल."

दिपिकाने नाक पुसलं आणि वाचून सांगायला लागली. ती बाई राजघराण्यातली नव्हतीच, साध्या घरातली होती. पण दरबारात जायचं तर मोठं नाव लागायचं. म्हणून राजाने तिला एक जुनी जहागीर दिली आणि त्या गावाचं नाव दिलं. पोंपाडोर.

"गाव हाय?" चंद्रावती सरळ बसली.

"गावच आहे. अजून आहे. किल्ला आहे तिथे, आणि घोडे पाळतात. हे बघ."

चंद्रावतीने घोडे बघितले. घोड्यांच्या मागे गवत बघितलं. घोडे कोणाचे ते विचारलं. दिपिकाने सरकारचे असतील म्हणून सांगितलं.

"म्हणजे तिचं नाव तिचं नव्हतंच. गावाच्या नावाने हाक मारायचे."

"हो."

"वाच पुढं. तिचा खोपा असा डोंगरासारखा होता काय?"

"तीच तर गंमत आहे. हे तिचं चित्र. केस बघ, चपटेच आहेत. हा उंच फुगा ती गेल्यावर पुष्कळ वर्षांनी निघाला. दुसऱ्याच बायका घालायच्या. नाव मात्र तिचं लावलं."

"केला दुसऱ्यांनी आणि नाव तिचं?"

"हो ना."

चंद्रावतीने मान हलवली. दोन-तीन दिवसांत पहिल्यांदाच तिची भुवई खाली आली. "हे मात्र खरं असंल. याच्यावर माझा विश्वास बसतो. आमच्या गावात कोणाची कोंबडी हरवली तरी आधी कोनवालीच्या मागच्या दारी बघायला यायचे."

दिपिका रडता रडता हसली.

"हसू नको. गाव मिळालं, पण माणूस अजून अडकलंय. धवळ्यात बाई आली की ती कोणाची तरी असते. शंकराची पार्वती, बळीरामाची लेक, कोणाची सून. ही राजाची कोण म्हणून गाऊ?"

"राजाची राणी म्हण ना. कोणाला कळणार आहे?"

"मला कळणार हाय."

"मग राजाची मैत्रीण?"

"उरणच्या बाया मांडव डोक्यावर घेतील." ती उठली. "तू खोपा तोच घाल. काढला तर दमयंतीला वाटंल आमी घाबरलो. मी काय गाईन ते मलाच ठाऊक नाय."

लग्नाच्या दिवशी मैदानातल्या मांडवात नवरीला पाटावर बसवलं. मुलाकडच्या बाया साडी आणि गजरे घेऊन पुढे आल्या होत्या, नवरदेव अजून वाटेत होता. दमयंती सगळ्यांच्या पुढे, नवरीच्या अगदी समोर, मांडी ठोकून बसली. जाडजूड बाई, डोळे बारीक. तिला स्वतःला धवळे गाता येत नसत, पण तिने आयुष्यभर इतके ऐकले होते की एक ओळ गळली तर तिला कळायची. मोनाली तिच्या शेजारी फोन धरून उभी होती. चंद्रावतीने दोघींकडे नीट बघून घेतलं. पोरीच्या तोंडावर काही दिसेना. म्हातारीच्या तोंडावर काय आहे ते कधीच कोणाला दिसलं नव्हतं.

धवळा सुरू झाला. हळदीचं गाव आलं, बांगड्यांचं आलं, साडी विणणाऱ्याचं आलं. मागे सूर धरायला शशिकला आणि दोन जावा होत्या. सूर जमला की चंद्रावतीचा आवाज कसा खोल जायचा, म्हातारपणाने थोडा खरखरीत, पण विहिरीत भांडं सोडावं तसा. रंजिता नवरीच्या मागे उभी राहून शेवटच्या पिना लावत होती. खोप्याची पाळी आली.

दमयंती पुढे वाकली. "हा कुठचा गो डोंगर नवरीच्या डोक्यावर?"

टोमणा होता की नुसती चौकशी? चंद्रावतीने तिच्या बारीक डोळ्यांत बघितलं. काही कळेना. रंजिताचा पिनेचा हात हवेतच थांबला. चंद्रावती गायली,

"खोपा आयला गो लांबचे गावाशी,
दर्यापारचे पोंपाडोर गावाशी,
पोंपाडोरची बाय तिचे नावाशी,
चढला दिपिका बायचे माथ्यावरी."

मागच्या बायांनी ओळ उचलली. त्यांना वाटलं असं एखादं गाव असेल अलिबागकडे. ओळ फिरून आली, थांबली. चंद्रावती पुढच्या ओळीला जाणार, तोच दमयंतीने विचारलं,

"पोंपाडोरची बाय. कोणाची गो ती?"

आता मांडवातल्या पुढच्या बाया ऐकत होत्या. दिपिकाने मान वळवायचा प्रयत्न केला, पण खोप्यामुळे तिला मान वळवता येईना. शशिकलेने सासूचा पदर मागून ओढला. खोटं नाव घेणं दोन शब्दांचं काम होतं.

"राजाच्या घरातली," चंद्रावती म्हणाली. गाऊन नाही, बोलून. "राजाशी लगीन लागलं नव्हतं तिचं. माझ्यासारखी. गाव होतं तिला, ते मी गायले. बाय होती, ते गायले. याच्यापुढं तुमाला काय पायजे?"

मागे कोणाचं तरी पोर पाणी मागत होतं.

दमयंतीने पायांची मांडी सोडली, पुन्हा घातली. "मला काय पायजे? माझी नातसून पाटावर ताटकळलेय. तुझं लगीन लागलं नाय ते मला तू सांगतेस? कोनला बातमी आली तवा मी तुझ्या घरात होते. तुझी आई रडत होती आणि मी तुझी फणी घेऊन पळाले. चांगली फणी होती." ती मागे वळून स्वतःच्या बायांना म्हणाली, "बघता काय? सूर धरा. आमच्या मोनालीच्या लग्नालापण हिलाच बोलवायची हाय. ही काय गाळत नाय."

मोनाली लाजून फोनमागे गेली. बायांचा सूर उठला. दिपिकाच्या डोळ्यांतलं पाणी गालांवर यायच्या आत रंजिताने टिपून घेतलं, काजळ वाचवायला.

चंद्रावतीला मात्र बरं वाटण्याआधी विचार पडला. दमयंती एवढं गोड का बोलली? मोनालीच्या लग्नात हिचं काय अडलेलं असेल? आणि फणीचं तिला आजपर्यंत माहीत नव्हतं. ती फणी आईने रागाने फेकली असं आपण इतकी वर्षं धरलं होतं. तिने दमयंतीकडे असं काही बघितलं की दमयंतीने नजर दुसरीकडे वळवली. कोनच्या दोघी पोरी, दोघींचे केस आता पिकलेले.

मग बाशिंग पुढे आलं. ते मुलाकडून आलं होतं, दमयंतीने स्वतःच्या हाताने ताटातून उचलून दिलं. चंद्रावतीने घेतलं, फिरवून उलटं करून बघितलं, दोरा ओढून बघितला.

"कुठलं हे?"

"पनवेलच्या बाजारातलं," दमयंती म्हणाली.

"बनवलं कोणी?"

"दुकानातनं घेतलं. बनवलं कोणी ते काय ठाऊक!"

"घेताना विचारलं नाय?"

पुढच्या रांगेत कोणीतरी हळूच हसलं.

"कल्पेशला फोन लावा," चंद्रावती म्हणाली, आणि बाशिंग मांडीवर ठेवून आरामात टेकून बसली. "दुकानवाल्याला विचारून सांगा म्हणावं. तोवर मी थांबते. नवरीला पाणी द्या कोणीतरी."